पक्षी खरखरायला लागले की आधी औषधाची बाटली? पोल्ट्रीतल्या या चुका टाळा

थंडी सुरू झाली की माझा फोन रात्री दहानंतर वाजायला लागतो. "दादा, पक्षी खरखर करतायत, कोणतं औषध सोडू?" लॉट (एकदम आणलेली पिल्लं) किती दिवसांचा, लिटर (खाली पसरलेलं तूस) कसंय, पाणी बोअरचं की विहिरीचं, यातलं एक अक्षर नाही, डायरेक्ट औषधाचं नाव पाहिजे. मी डॉक्टर नाही, सिन्नरकडचा साधा ब्रॉयलरवाला, म्हणजे चिकनसाठी कोंबड्या पाळणारा आहे, चौदा वर्षं झाली या धंद्यात आणि खाली जे लिहितोय त्यातली निम्मी अक्कल पक्षी पुरून आलेली आहे.

सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली आणि आता दर डिसेंबरात दुसऱ्यांना करताना बघतो, ती म्हणजे थंडीत पडदे गच्च बंद करणं. माझा तिसरा की चौथा लॉट होता, चार हजार पक्षी. गारठा असा पडला की आम्ही चारही बाजूंचे पडदे तर पाडलेच, वरून खताच्या रिकाम्या गोण्या शिवून फटी पण बुजवल्या आणि आत शेगडी लावून खूश, पिल्लं कशी ऊबदार बसलीत बघा म्हणून. एकविसाव्या दिवशी रात्री शेडमध्ये गेलो तर खर्र खर्र असा आवाज, पाच-सहा पक्षी चोच उघडून श्वास घेत होते. सकाळी मेडिकलवाल्याकडे गेलो, त्याने अमॉक्सिसिलिनची पावडर दिली, तीन दिवस सोडली. मर रोज वाढतच गेली, आधी पाच-सात, मग पंधरा, मग चाळीस. मग दुसरं औषध, मग तिसरं. शेवटी डॉक्टर साहेब आले, त्यांनी पक्षी फाडून दाखवला तर काळजावर आणि लिव्हरवर दह्याची साय धरल्यासारखा पांढरा थर. ते म्हणाले हा ई. कोलाय जंतू, पण त्याच्या आधी सीआरडी, म्हणजे कोंबड्यांचा रेंगाळणारा श्वासाचा आजार, होऊन गेलाय. आणि मग औषध लिहायच्या आधी त्यांनी काय केलं माहितीये, स्वतः जाऊन गोण्या फाडल्या आणि पडदे वरून दीड फूट खाली घेतले. माझं डोकंच फिरलं, म्हटलं आधीच पक्षी मरतायत आणि हा माणूस गार वारा आत घेतोय. पण दोन दिवसांत आवाज कमी झाला. तोपर्यंत सहाशेच्या वर गेले होते ते गेलेच.

नंतर नीट समजून घेतलं. पडदे बंद म्हणजे ओल बाहेर जात नाही, तूस ओलं होतं, त्यातल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. पक्ष्याच्या श्वासनळीत आतून बारीक लव असते, ती धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असते, अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर टिकून राहिला की ती लव निकामी व्हायला लागते. ई. कोलाय काय कुठून बाहेरून यायला लागत नाही, तो विष्ठेत कायमच असतो, धुळीवर बसून नाकातून आत जातो. कोंबडीला नुसती फुफ्फुसं नसतात, पोटापर्यंत हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे एकदा आत घुसला की काळीज लिव्हर सगळं त्याचंच. आणि सीआरडीचा जंतू म्हणजे मायकोप्लाझ्मा, त्याच्या अंगावर भिंतच नसते, आणि अमॉक्सिसिलिन जंतूची भिंत बांधू न देऊन त्याला मारतं, म्हणजे माझे ते तीन दिवस आणि पैसे सीआरडीपुरते तरी पाण्यात.

आता माझी सवय सांगतो. पडदा खालून बांधलेला असावा आणि वरून उघडावा. कितीतरी शेडमध्ये उलटं असतं, वर बांधून खालून गुंडाळतात, मग गार वारा थेट पिल्लांच्या अंगावर आणि अमोनिया तसाच आत. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली) ३२ ते ३४ अंश ठेवा, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत या, पण ऊब शेगडीने द्या, हवा कोंडून नको. रोज पहाटे पडदे हलवायच्या आधी मी शेडच्या मधोमध उकिडवा बसतो आणि पाच मिनिटं तसाच थांबतो. डोळे चुरचुरले की पडदा आणखी खाली. उभं राहून वास घेऊ नका, पक्षी वीतभर उंचीवर श्वास घेतो, तुमच्या नाकाच्या उंचीवर नाही. आणि शेडवर रोज राबणाऱ्या माणसाला विचारू नका, त्याचं नाक सरावलेलं असतं, तो "काय वास नाय" असंच म्हणणार. लिटर मुठीत दाबून बघतो, लाडू वळला तर ओलं, फुटलं तर बरं. रोज सकाळी खोऱ्याने हलवणं हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं तेच नवीन लोकांना नको असतं, त्यांना दोन हजाराची बाटली चालते पण अर्धा तास खोरं चालत नाही.

दुसरी चूक यापेक्षा वाईट, कारण यात रोगाने नाही तर औषधाने पक्षी मरतात. शेजारच्या गावातला एक पोरगा, नोकरी सोडून व्हिडिओ बघून शेड टाकलेला, हुशार आहे पण घाई फार. पहाटे पाचला फोन, "दादा मानमोडी आली, पक्षी लुळे पडलेत". गेलो तर पक्षी छातीवर पसरलेले, पाय मागे ताणलेले, उठायला गेले की पुढे कलंडतायत, पण मानमोडी रोगात होते तशी मान वाकडी नाही, हिरवी हगवण नाही. डॉक्टरांना फोन लावला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाण्यात काय सोडलं? आदल्या दिवशी दुकानातून "सीआरडीचं एकदम भारी" म्हणून टायम्युलिन आणलेलं. दुसरा प्रश्न, फीडच्या गोणीवर काय लिहिलंय बघा. आम्ही टॉर्च लावून गोणीची चिठ्ठी वाचली, त्यात सॅलिनोमायसिन. डॉक्टर दोन मिनिटं गप्पच. मग म्हणाले ते पाणी आधी ओतून टाका, लाईन धुवा, फीड बदला.

झालं असं की रक्ती हगवण लागू नये म्हणून ब्रॉयलरच्या फीडमध्ये कारखान्यातच औषध घातलेलं असतं, सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, नरासिन असली नावं असतात. टायम्युलिन पोटात गेलं की लिव्हर ही औषधं मोडून बाहेर टाकू शकत नाही, ती अंगात साठतात आणि रोजचाच डोस विषासारखा होतो, स्नायू आणि काळजावर घाव. दोन्ही औषधं आपापल्या जागी चांगली, एकत्र आली की सत्यानाश. त्या पोराचे दोन दिवसांत साडेतीनशे गेले आणि जे वाचले त्यांनी वजनच धरलं नाही. दुकानदाराने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही, दोघेही गडबडीत. तेव्हापासून मी प्रत्येक नवीन फीडची चिठ्ठी कापून दाराजवळच्या खिळ्याला टोचतो, कोणतंही औषध घ्यायचं तर आधी तिचा फोटो डॉक्टरांना. तुम्ही पण एक खिळा ठोका.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा व्हायरस आहे, त्यावर अँटिबायोटिक ओतणं म्हणजे पैसे जाळणं, तिथे लसच पाहिजे. आणि पाण्यातून लस द्यायची असेल तर त्या पाण्यात क्लोरीन नको, नाहीतर लस तुम्हीच मारून पाजताय. ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक चालू असताना कॅल्शियमचं टॉनिक त्याच पाण्यात घालू नका, दोघं एकमेकांना धरून बसतात, अंगात उतरत नाहीत. दुसऱ्या दिवशी पक्षी बरे दिसले म्हणून कोर्स बंद करणं तर आपला राष्ट्रीय छंद आहे. आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणून "लिटरला इतके मिली" असा आंधळा हिशोब करू नका, पक्ष्यांच्या एकूण वजनावर डोस काढून घ्या. कुणी कोलिस्टिन आणून देतो म्हणाला तर त्याला हाकला, कोंबड्यांसाठी ते जुलै २०१९ पासून देशात बंद आहे, कारण माणसांच्या दवाखान्यात बाकी सगळं थकल्यावर उरलेलं औषध आहे ते. औषध दिल्यावर विक्रीआधी जितके दिवस थांबायचं लिहिलंय तितके थांबा, गाडी उद्या येणारे हे कारण नाही. मेलेले पक्षी ओढ्यात टाकणाऱ्यांबद्दल लिहायला बसलो तर शिव्याच निघतील. खड्डा, चुना, माती, बस.

हो, आणि गावरानवाले. आजोबांच्या खोकल्याच्या उरलेल्या कॅप्सूल फोडून कोंबड्यांना पाण्यात देतात, मी स्वतः पाहिलंय. म्हणजे आजोबांचा कोर्स अर्धवट आणि कोंबडीला डोसचा पत्ता नाही, दोन्हीकडचे जंतू मजेत.

मर वाढली तर अंदाज लावत बसू नका. औषध सुरू करायच्या आधीच दोन-तीन ताजे मेलेले आणि दोन-तीन आजारी जिवंत पक्षी घेऊन जवळच्या पशुवैद्यकाकडे जा. लांब न्यायचं असेल तर मेलेले पिशवीत घालून बर्फावर, फ्रीझरमध्ये दगड करून नाही. पुण्याला औंधमध्ये सरकारी रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे. जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते तपासून मिळतं, त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढा धीर लोकांना नसतो, पण पाच औषधं बदलण्यात आठवडा घालवायचा धीर असतो.

जाता जाता एक घरातलं. आमच्या वडिलांचं वय ७८, थंडीत गरम दुधात कच्चं अंडं फेटून प्यायची जुनी सवय, ताकद येते म्हणून. मी ते बंद केलं. अंड्यात साल्मोनेला असू शकतो, बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या अंड्यात पण, तरण्या माणसाला दोन दिवस जुलाब होऊन भागतं पण या वयात अंगातलं पाणी गेलं की किडनीपर्यंत जातं, वरून त्यांना बीपीच्या गोळ्या. महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, "पोल्ट्री आमची आणि अंडं आम्हालाच बंद" म्हणून. आता उकडून देतो, पिवळं पूर्ण घट्ट होईपर्यंत. खातात, पण मिरपूड कमी पडली म्हणून रोज ताट परत येतं.