फटक्याआधीचं काम: गोव्यातून आइस हॉकीचा गोलकीपर घडवताना

आइस हॉकीत चेंडूऐवजी पक नावाची चपटी चकती असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला पक नऊ मीटरवरून गोलपर्यंत यायला पाव सेकंदही लावत नाही. डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे पक सुटल्यावर जागचा हलणारा गोलकीपर बहुतेकदा उशिराच पोहोचतो. त्याचं खरं काम फटक्याआधी उरकलेलं असतं: कोन धरलेला, म्हणजे पक आणि गोलचे दोन खांब यांच्यामधली जागा अंगाने झाकलेली, पाय थांबलेले, स्टिकचं पातं जमिनीला टेकलेलं. यातलं बरंचसं बर्फाशिवाय शिकता येतं. म्हणूनच गोव्यात पूर्ण आकाराची आइस रिंक नसली, तरी दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींचा पंधरा-सोळापर्यंतचा पाया इथे घालता येतो. त्यापुढे मात्र बर्फाला पर्याय नाही.

सुतळीचा कोन

आइस हॉकीचा गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असतो. अंगणात पाइपचे दोन खांब ६ फूट अंतरावर रोवा आणि वर ४ फुटांवर आडवी काठी बांधा. दोन्ही खांबांच्या बुडाला एकेक सुतळी बांधून ३० फुटांवर ठेवलेल्या पकपाशी एकत्र आणा. पक नसेल तर त्याच मापाचा लाकडी तुकडा चालेल: व्यास ३ इंच, जाडी १ इंच.

आता मुलाला गोलरेषेवर उभं करा. दोन सुतळ्यांमध्ये त्याला ६ फूट झाकायचे आहेत. ५ फूट पुढे आणलं की अंतर ५ फुटांवर येतं. पक १५ फुटांवर आणला, तर त्याच जागी फक्त ४ फूट उरतात. आडव्या काठीपासून पकपर्यंत तिसरी सुतळी ओढा, म्हणजे उंचीही कळेल: पक ३० फुटांवर असताना ५ फूट पुढे उभ्या गोलकीपरला ४ फुटांऐवजी ३ फूट ४ इंचच झाकायचे असतात, पक १५ फुटांवर असताना २ फूट ८ इंच. गुडघे टेकलेला मुलगाही एवढी उंची झाकतो, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की उगाच उड्या मारणं थांबतं.

मग मोबाइल जमिनीवर, पकच्या जागी ठेवून फोटो काढा. पकला गोल जसा दिसतो तसा तो दिसेल. उभ्या माणसाच्या डोळ्यांना वरचे कोपरे उघडे वाटतात, पकच्या उंचीवरून चित्र वेगळं असतं.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे फटका मारणाऱ्याच्या छातीसमोर उभं राहणं. पक त्याच्या शरीराच्या बाजूला दोन-तीन फुटांवर असतो आणि कोन पकचा धरायचा असतो. दुसरी चूक उलट टोकाची: कोन झाकायच्या नादात फार पुढे येणं. समोरच्याने आडवा पास दिला की तेवढंच लांब परत जावं लागतं, आणि रिकामा गोल तिथेच मिळतो. पास देण्याजोगा दुसरा खेळाडू मोकळा दिसत असेल तर फूट-दोन फूट मागेच थांबावं.

लादीवरची तयारी

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, वजन चवड्यांवर, छाती वर, दोन्ही हात शरीराच्या पुढे. हात इतके पुढे हवेत की समोर बघताना डोळ्यांच्या कडेला दिसतील. स्टिकचं पातं पायांच्या ८ ते १२ इंच पुढे ठेवायचं. ते पायांना चिकटलं तर पक आपटून थेट समोरच्याच्या स्टिकवर जातो. अंतर असेल तर स्टिक थोडी मागे येऊन धक्का पचवते.

बटरफ्लाय म्हणजे दोन्ही गुडघे एकदम टेकवून पावलं बाहेर फाकवणं. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. मुलं मागे टाचांवर बसतात, त्यासरशी छाती मागे जाते, हात खाली येतात आणि गोलचा वरचा भाग उघडा पडतो. गुडघे सरळ खाली जायला हवेत आणि मांड्या शक्य तितक्या उभ्या राहायला हव्यात. गुडघ्यांवरून डावीकडे सरकायचं असेल तर उजवा पाय उचलून त्याने ढकलायचं. उजवीकडे जाताना डावा. हे सगळे उलटं करतात, कारण ज्या दिशेला जायचं तोच पाय उचलावासा वाटतो. घरातल्या गुळगुळीत लादीवर, गुडघ्यांना पॅड आणि त्याखाली जाड सुती कापड घेऊन, प्रत्येक बाजूला दहा-दहाचे तीन फेरे पुरेत. आधी मान वळते, मग खांदे, मग पाय. पाय आधी निघाले तर तो फेरा मोजू नका.

हातांसाठी भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहून टेनिसचा चेंडू मारायचा आणि पकडायचा. चेंडू पंजात शिरेपर्यंत नजर त्याच्यावर हवी. बरेचसे झेल शेवटच्या हातभर अंतरात नजर हटल्याने सुटतात, हात हळू असल्याने नव्हे.

चाकांवर कोणती हॉकी?

स्केटिंग क्लबात नाव घालण्यापूर्वी तिथे काय शिकवतात ते विचारा. चार चाकं दोन-दोनच्या जोडीत असलेल्या स्केट्सवर खेळतात ती रोलर हॉकी. तिचा गोल लहान असतो आणि गोलकीपर जवळजवळ उकिडवा बसतो. ही सवय बर्फावर कामाची नाही. आपल्याला हवी ती एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवरची इनलाइन हॉकी. त्यातही एक फरक लक्षात ठेवा: बर्फावर स्केटचं पातं आडवं घासून थांबता येतं, चाकं तशी घसरत नाहीत. म्हणून चाकांवर कोन, नजर आणि स्टिक शिका. थांबण्याची पद्धत बर्फावर गेल्यावर नव्याने शिकावी लागेल.

म्हापशाच्या पेडे संकुलात टर्फवर साधी हॉकी खेळणारे गोलकीपर इकडे वळले, तर धीटपणा आणि खेळ वाचण्याची समज सोबत येते. पण मैदानी हॉकीत चेंडू पायाने लांब उडवायचा असतो, तिथले फोमचे पॅड त्यासाठीच कडक असतात. आइस हॉकीत पक शक्यतो पोटाशी दाबायचा किंवा कोपऱ्याकडे वळवायचा. ही लाथ मोडायला दोन-तीन महिने जातात. मैदानी हॉकीत गोव्याची परंपरा मोठी आहेच: १९४८च्या लंडन ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघात गोलवर उभे राहिलेले लिओ पिंटो मूळ गोवेकर.

वाढत्या अंगाचं नको

गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर चालतो, गोलकीपरचे पॅड अजिबात नाही. पायाच्या पॅडमध्ये गुडघा टेकवायची एक गादी असते, गुडघा बरोबर तिच्या मधोमध यायला हवा. पॅड मोठा असेल तर गुडघा गादीच्या खाली टेकतो, पॅड नीट वळत नाही आणि खाली बसताना दोन पायांमधली फट उघडी राहते. लहान असेल तर मांडीचा भाग झाकला जात नाही. माप घेताना स्केट्स घालून खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात ठेवा, घोट्याच्या वाकापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत एक माप आणि तिथून अर्ध्या मांडीपर्यंत दुसरं. विकणाऱ्याला दोन्ही कळवा. नुसती उंची सांगून मागवलेले पॅड क्वचितच बसतात.

स्टिक तपासायला मुलाला पवित्र्यात उभं करा. पातं टाचेपासून टोकापर्यंत जमिनीला टेकायला हवं. टोक उचललेलं दिसलं तर स्टिक लांब आहे, आणि पक त्याखालून जाणार.

जुनं सामान जरूर घ्या, कारण व्यावसायिक दर्जाचा नवा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो. पण मास्क, गळ्याचं संरक्षण आणि छातीचं चिलखत यांत तडजोड नको. मास्कच्या कवचाला केसाएवढी चीर असली तरी तो टाकून द्या. जाळी सरळ गजांची, लहान चौकोनांची हवी. मोठ्या डोळ्यांची जाळी टीव्हीवर छान दिसते, पण तिच्यातून स्टिकचं टोक आत येऊ शकतं. गळ्याला स्केटच्या पात्याने कापण्यापासून वाचवणारा पट्टा आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या स्पर्धांत आता सक्तीचा आहे. १९८९मध्ये गोलकीपर क्लिंट मालारचुक याच्या गळ्याची शीर सामना चालू असताना स्केटने कापली गेली होती. तो वाचला, पण थोडक्यात.

कंबरेचा खुबा

बटरफ्लायमध्ये मांडी आत वळते आणि खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. व्यावसायिक गोलकीपरांच्या कारकिर्दी बऱ्याचदा इथेच अडतात. मुलाला पालथं झोपवा, गुडघे काटकोनात उभे करा आणि पावलं बाहेरच्या बाजूला पडू द्या. नडग्या उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंश सहज बाहेर जात असतील तर ठीक. त्याहून कमी असेल तर जोर लावून ताणू नका, काही हाडांची ठेवणच तशी असते. अशा मुलाने पाय थोडे कमी फाकवून खेळावं. जांघेच्या आतल्या स्नायूंना बळ देणं मात्र सगळ्यांना लागू: आतल्या बाजूची ताकद बाहेरच्या बाजूच्या ८० टक्क्यांहून कमी असलेल्या हॉकीपटूंत जांघ ओढली जाण्याचा धोका जास्त आढळला आहे. आठवड्यातून तीनदा, कुशीवर झोपून वरचा पाय बाकावर टेकवून अंग उचलण्याचा व्यायाम, दोन्ही कुशींवर.

जून ते सप्टेंबर

गोव्याच्या पावसात हे सामान आठवडाभरात बुरशी धरतं. सराव झाल्यावर बॅग घरी आणून तशीच ठेवणं हे सगळ्यात महागडं आळसपण. सगळं बाहेर काढा, ग्लोव्ह उघडून तोंड वर करा, छातीचं चिलखत हँगरला लावा आणि रात्रभर टेबलफॅन जमिनीवर ठेवून वारा खालून वर जाऊ द्या. कडक उन्हात वाळवू नका, गोंद सुटतो आणि पट्टे ठिसूळ होतात. बुरशीचे ठिपके दिसले तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पुसा आणि पुन्हा पंख्यासमोर. स्केटच्या पात्यांना खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज येतो. पुसून, तेलाचा हात फिरवून, कापडी खोळीत ठेवा. प्लॅस्टिकची टोपी फक्त चालण्यापुरती. ती घालून ठेवलेलं पातं आत कोंडलेल्या ओलीने गंजतं.

बर्फावर

देशात मुख्य ठिकाण लडाख. नैसर्गिक बर्फ जानेवारीच्या आसपास खेळण्याजोगा होतो आणि फेब्रुवारीत संपत येतो. लेह ३,५०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीवरून विमानाने गेलेल्याने पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यावी. उघड्या बर्फात वाळू-धूळ मिसळलेली असते, पातं लवकर बोथट होतं, म्हणून घासायचा दगड बरोबर असू द्या. धार लावून घेताना नवशिक्यासाठी अर्धा इंच किंवा पाच-अष्टमांश इंचाची खाच सांगा. हा आकडा म्हणजे पात्याच्या तळाला कोरलेल्या गोलाकार खाचेची त्रिज्या. आकडा लहान तितकी पकड जास्त, आणि फार पकडणारं पातं आडवं सरकताना अडकून पाडतं. डेहराडूनला कृत्रिम बर्फाची मोठी रिंकही आहे.

पण गोवेकरांना जवळची वाट बऱ्याचदा आखाताची असते. दुबई-अबुधाबीत घरचं कोणी ना कोणी असतंच, आणि तिथे वर्षभर चालणाऱ्या रिंक आहेत. भारतीय महिला संघाने २०२५मध्ये आशिया चषकाचं कांस्यपदक मिळवलं तेही संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनलाच. जाण्यापूर्वी हौशी संघांना कळवा की सरावाला गोलकीपर येतोय. गोलकीपर त्यांना नेहमीच कमी पडतात, आणि अनेक ठिकाणी त्याच्याकडून बर्फाचं भाडंही घेत नाहीत.

पगाराची वाट

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ, प्रत्येकात साधारण दोन गोलकीपर, म्हणजे जगात अशा ६४ जागा. गोव्यातून तिथवर जाण्याचं स्वप्न मुलाला पाहू द्या, पालकांनी मात्र त्यावर कर्ज काढू नये. भारतीय संघ, युरोपातल्या खालच्या लीग, गोलकीपरांचं प्रशिक्षण ही जास्त खरी लक्ष्यं. एक दिलासा: गोलकीपर उशिरा पिकतात. एनएचएलचे संघ ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात; डॉमिनिक हाशेक १९८३च्या ड्राफ्टमध्ये १९९वा निवडला गेला, हेन्रिक लुंडक्विस्ट २०००मध्ये २०५वा. पुढे हाशेकने सर्वोत्तम गोलकीपरचा वेझिना करंडक सहा वेळा नेला.

पासपोर्टचा निर्णय घाईने घेऊ नका. आजी-आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं तर युरोपात काम करायची मोकळीक मिळते. पण परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं जातं, आणि भारतीय संघाची जर्सीही.

प्रशिक्षकाला पाठवायचा व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा करा, गोलच्या मागून, उंचावरून, न हलणाऱ्या कॅमेऱ्याने. सलग खेळ ठेवा, फक्त सुंदर झेप कापून जोडू नका; झेप दिसली की जाणकार आधी हे बघतो की ती घ्यायची वेळ का आली. खाल्लेल्या गोलांपैकी दोन-तीन त्यात राहू द्या. सोबत सामन्यांचे आकडे द्या: आलेले फटके आणि अडवलेले फटके. ३० पैकी २७ अडवले म्हणजे ०.९००. मुलगा कोणत्या वयोगटात आणि चाकांवर की बर्फावर खेळला ते त्याच ओळीत लिहा, नाहीतर त्या आकड्याला काहीच अर्थ राहत नाही.