आइस मशीन बर्फ कमी देतंय? मेकॅनिकला बोलावण्याआधी काय तपासावं

आइस मशीन मंदावलं की पहिलं निदान ठरलेलं असतं: "गॅस संपला असेल." गॅस वापरून संपत नसतो. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नवा गॅस भरला तर तोही निघून जाईल. बहुतेक तक्रारींचं मूळ मात्र पाणी, हवा आणि क्षार यांत सापडतं, आणि यातलं बरंचसं पाना-पक्कड न घेता तपासता येतं.

खडे पाडणाऱ्या नेहमीच्या मशीनमध्ये पंप उभ्या प्लेटवर सतत पाणी सोडतो. प्लेट थंड असल्यामुळे त्यावर बर्फ थराथराने धरतो. ठरलेली जाडी झाली की गरम वायूची झडप उघडते, प्लेट आतून तापते आणि खडे सुटून खालच्या कप्प्यात पडतात. या दुसऱ्या टप्प्याला मेकॅनिक हार्वेस्ट म्हणतात. बिघाड गोठताना होतोय की सुटताना, एवढं पाहिलं तरी अर्धं काम होतं.

आधी मोजा

"बर्फ कमी पडतो" हे मोघम झालं. घड्याळ लावून एक पूर्ण फेरी मोजा: गोठायला सुरुवात झाल्यापासून बर्फ पडून पुन्हा गोठायला सुरुवात होईपर्यंत. त्या फेरीचा सगळा बर्फ भांड्यात धरून वजन करा. दिवसाची १४४० मिनिटं भागिले फेरीची मिनिटं, गुणिले वजन. फेरी २४ मिनिटांची आणि बर्फ २ किलो असेल तर दिवसाला १२० किलो.

हा आकडा माहितीपुस्तिकेतल्या तक्त्याशी ताडून पाहा, पण त्यातल्या योग्य रकान्याशी. जाहिरातीतला मोठा आकडा बरेचदा २१ अंश सेल्सिअस हवा आणि १० अंश पाणी धरून दिलेला असतो. ३२ अंश हवा आणि २१ अंश पाण्याला तेच मशीन बरंच कमी बर्फ देतं. म्हणजे उन्हाळ्यात घट दिसली तर मशीन बिघडलंच आहे असं नाही. कदाचित खरेदी करतानाच चुकीचा आकडा वाचला गेला असेल.

मशीन सुरूच होत नाही

वीजपुरवठा, एमसीबी आणि मशीनचा स्विच पाहा. मग प्लेटसमोरचा प्लॅस्टिकचा पडदा. अनेक मशीनमध्ये या पडद्याला चुंबक असतो. एखादा खडा अडकून पडदा उघडा राहिला की कप्पा भरला असं समजून मशीन थांबतं. खडा काढला की काम सुरू. काही मशीनमध्ये पडद्याऐवजी कप्प्यात थर्मोस्टॅट असतो. त्याच्या नळीला बर्फ टेकून राहिला असेल तर तेवढा बाजूला करा.

हवा

एअर-कूल्ड मशीन बर्फातून काढलेली सगळी उष्णता खोलीत सोडतं. जाळी धूळ आणि तेलकट वाफेने बुजली की ती उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो आणि फेरी लांबते. जाळी दर आठवड्याला पाहा आणि कोमट साबणपाण्याने धुवा. जाळीमागचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा भाग, मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेनेच झाडा. ती पाती बोटानेही वाकतात. हवा आत जाते आणि बाहेर पडते त्या बाजूंना किमान १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, पुस्तिकेत जास्त सांगितली असेल तर तेवढी. मशीनला लागून खोके रचायची सवय सगळीकडे दिसते, आणि मशीन गरम होण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

हाय-प्रेशर कटआउट, म्हणजे दाब फार चढला की मशीन थांबवणारं बटण, वारंवार पडत असेल तर रीसेटचं बटण दाबत बसू नका. कॉम्प्रेसर वाचवण्यासाठीच ते मशीनला थांबवत असतं.

पाणी

खडे पोकळ, अर्धवट किंवा प्लेटच्या एकाच बाजूला धरत असतील तर पाणी सगळीकडे पोचत नाही. वरच्या नळीची भोकं क्षारांनी बुजतात. ती काढून साफ करा. पाण्याचा दाब बहुतेक मशीनना २० ते ८० पीएसआय लागतो. फिल्टर तुंबला की दाब पडतो, म्हणून तो सहा महिन्यांनी, आणि पाणी गढूळ असेल तर त्याआधीच बदलावा.

एक सोपी चाचणी सहसा कुणी करत नाही. विजेच्या झडपेतून पाणी घेणारं मशीन बंद करा आणि आतल्या टाकीत पाणी ठिबकतंय का पाहा. ठिबकत असेल तर झडप नीट मिटत नाही. गोठताना सतत कोमट पाणी आत येतं आणि फेरी रेंगाळते. लोक इथे गॅस भरून घेतात!

बर्फ दुधाळ दिसत असेल तर क्षार वाढलेत, किंवा प्रत्येक फेरीनंतर उरलेलं क्षारयुक्त पाणी बाहेर टाकणारी व्यवस्था चालत नाही. यावर आरओ पाणी जोडायचं ठरवत असाल तर आधी पुस्तिका पाहा. काही मशीन पाण्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेवरून बर्फाची जाडी ओळखतात. क्षार जवळपास नसलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही आणि मशीन गोंधळतं.

बर्फ सुटत नाही

प्लेटवर क्षारांचा थर बसला की बर्फ त्याला घट्ट धरून राहतो. खडे जोडणारा बर्फाचा पातळ पूल बऱ्याच मशीनमध्ये साधारण ३ मिलिमीटर असावा. तो फार बारीक असेल तर खडे सुटे राहून अडकतात, जाड असेल तर लादी एकदम निघते आणि पडताना मोडत नाही. जाडीचा स्क्रू थोडाच फिरवा, मग दोन-तीन फेऱ्या पाहा. स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नका. प्लेटला भोक पडलं तर मशीनचं मोल संपलं म्हणायचं.

सफाई

दर सहा महिन्यांनी, आणि पाणी जड असेल तर तीन महिन्यांनी. पिठाची धूळ किंवा यीस्ट हवेत असेल तिथे गुलाबी-काळा बुळबुळीत थर लवकर धरतो. बर्फ हा खाद्यपदार्थ आहे, आणि गोठल्याने जंतू मरतातच असं नाही.

१. कप्पा पूर्ण रिकामा करा. प्लेटवरचा बर्फ आपोआप पडू द्या.

२. मशीन सफाईवर लावा, टाकी भरली की क्षार काढणारं द्रावण पुस्तिकेत दिलेल्या मापाने घाला. प्लेट निकेलची असेल तर निकेलला चालणारंच द्रावण घ्या. फरशीचं ॲसिड निकेलचा थर खाऊन टाकतं.

३. फेरी संपली की वीज तोडा. पडदा, नळी, टाकी, जाडीचा सेन्सर काढून मऊ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा.

४. त्यानंतरच जंतुनाशक. क्षार काढणारं द्रावण आम्ल असतं, जंतुनाशकात बहुधा क्लोरीन. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. मध्ये स्वच्छ धुणं टाळायचं नाही, दारं-खिडक्या उघड्या, हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करायचं.

५. कप्पा, त्याचं दार आणि बर्फ काढायचा स्कूपही पुसा. स्कूप बर्फात खुपसून ठेवू नका, ग्लासने बर्फ काढू नका. काच फुटली तर सगळा बर्फ फेकावा लागतो.

६. सुरुवातीचा बर्फ टाकून द्या.

भुगा बर्फाच्या मशीनमध्ये प्लेटऐवजी फिरता स्क्रू असतो. तिथे करकर आवाज आला तर मशीन तेव्हाच बंद करा. क्षार किंवा झिजलेलं बेअरिंग, यांपैकी काहीतरी असतं, आणि चालू ठेवलं तर गिअरबॉक्सही जातो.

मेकॅनिक कधी

हवा, पाणी, क्षार तिन्ही नीट असूनही प्लेटचा ठरावीक भाग कोरडा राहत असेल, कॉम्प्रेसर चालू होऊन लगेच बंद पडत असेल किंवा नळ्यांच्या सांध्यांवर तेल दिसत असेल, तर हात लावू नका. अनेक नव्या मशीनमध्ये आर-२९० गॅस म्हणजे प्रोपेन असतो, आणि तो पेट घेतो. बोलावताना मॉडेल क्रमांक, मोजलेली फेरी, बर्फाचं वजन, खोलीचं आणि पाण्याचं तापमान सांगा. आणि तो थेट गॅस भरायला लागला तर गळती कुठे सापडली, हे आधी विचारा.