लहान मुलांचा मास्क कसा निवडायचा? आधी कानामागे बघा

२०२२ च्या गुढीपाडव्याला महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली तेव्हा आम्ही घरातले झाडून सगळे मास्क एका पिशवीत कोंबले आणि माळ्यावर टाकून दिले, आता परत कोण घालतंय म्हणून. मग गेल्या दिवाळीत लेकीचा खोकला काही केल्या थांबेना, डॉक्टर म्हणाले फटाक्यांच्या धुरात बाहेर न्यायचंच असेल तर मास्क लावून न्या. पिशवी काढली तर सगळ्यांचं इलॅस्टिक गेलेलं, ओढलं की परत जागेवर येतच नव्हतं. धावत जाऊन जवळच्या दुकानातून कार्टूनवाले पाच मास्कचं पाकीट आणलं, दुकानदार म्हणाला 'मुलांचा साइज आहे ताई, सगळ्यांना बसतो'. वीस मिनिटांत मास्क हनुवटीवर, आणि कानामागे बघितलं तर ही लाल रेघ उठलेली! तेव्हा लक्षात आलं की मूल मास्क काढतंय म्हणजे हट्टीपणा करतंय असं नाही, त्याला कुठेतरी टोचतंय, फक्त कुठे ते त्याला सांगता येत नाही.

त्यानंतर बरेच प्रयोग केले, त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने सांगते.

१. मुळात मास्क लागतोय का ते बघा

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मास्क लावायचाच नाही. त्याला तो स्वतः ओढून काढता येत नाही आणि गुदमरलं तर सांगताही येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची गरज नाही असं आपल्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ च्या जानेवारीत कोविडच्या सूचनांमध्ये म्हटलं होतं, आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी तो मोठ्यांच्या नजरेखाली, झेपेल तसा वापरावा असं होतं. त्यामुळे तीन वर्षांच्या पिल्लाला मॉलमध्ये मास्क लावून फोटो काढायची काही गरज नाही. दमा असेल, श्वासाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, इथे माझं ऐकू नका.

आणि कशासाठी हवाय तेही ठरवा. दवाखान्यात खोकणाऱ्या मुलांच्या गर्दीत अर्धा तास बसायचंय, की बाजूच्या बांधकामाची धूळ आहे, की फटाक्यांचा धूर? कापडी मास्क धूळ बऱ्यापैकी अडवतो पण धुराचे बारीक कण त्यातून सरळ आत जातात, त्यामुळे दिवाळीत कापडी मास्क म्हणजे मनाचं समाधान. धुराचा वासही जवळपास कुठलाच साधा मास्क अडवत नाही, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या लावून घरात बसणं हाच बेस्ट मास्क.

२. नाडीने माप घ्या

टेप नसेल तर पायजम्याची नाडी चालते. डोळ्यांच्या मधे, नाक जिथे सुरू होतं तिथे एक टोक धरा, नाकावरून खाली आणा आणि हनुवटीच्या खाली वळवून थांबा. आता मुलाला 'आ' करायला सांगा आणि परत मोजा. हे दुसरं माप धरायचं. आमची लेक मास्क लावूनही अखंड बडबडते, आणि तोंड उघडलं की मास्क नाकावरून घसरतो, मग ती तो वर ओढते, परत घसरतो, असं दिवसभर. तोंड उघडल्यावर तिचं माप दीड सेंटीमीटरने वाढलं, पाकिटातल्या मास्कमध्ये नेमकं तेवढंच कमी पडत होतं.

रुंदीचं सोपं आहे. मास्कचं कापड कानाच्या दोन बोटं अलीकडे संपलं पाहिजे. कानापर्यंत गेलं तर तो मोठा, गालाशी फट राहणार. मोठ्यांचा सर्जिकल मास्क साधारण साडेसतरा सेंटीमीटर रुंद असतो आणि मुलांचा साडेचौदाच्या आसपास, पण पाकिटावर 'किड्स' लिहिलेलं असलं म्हणून विश्वास ठेवू नका, घरी पट्टी लावून बघा. मोठाच मास्क हाताशी असेल तर दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांना अगदी कडेला गाठ मारा आणि बाजूचं फुगलेलं कापड आत दुमडा, वेळ निभावते.

३. कापड उजेडात धरून बघा

ट्यूबलाइटसमोर धरल्यावर आरपार दिसलं तर नको. कापडी मास्कला तीन थर चांगले, आतला सुती म्हणजे घाम टिपतो, बाहेरचा ओलावा न शोषणारा, आणि मधे न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा थर, म्हणजे ज्याच्या त्या बाजाराच्या पिशव्या मिळतात तसलं. मेणबत्तीची टेस्टही करता येते, पण ती आपण करायची, मुलांनी नाही! मास्क लावून वीतभर अंतरावरच्या मेणबत्तीला फुंकर मारा, सहज विझली तर कापड विरळ आहे.

उलट बाजूने पण बघा बरं का. जाड कापडाचे चार थर लावून शिवलेला मास्क घेऊन आई खूश असते आणि पोराला धाप लागते. स्वतः लावून दोन जिने चढून बघा म्हणजे कळेल. आतल्या बाजूला जरी, टिकल्या, रबराचं प्रिंट असलं काही नको, गालाला घासतं.

धुरासाठी घेत असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. एन ९५ हे अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेचं सर्टिफिकेट, ते कामावरच्या मोठ्या माणसांसाठी असतं, मुलांसाठी ते देतच नाहीत. त्यामुळे 'किड्स एन ९५' ही पाकिटावरची भाषा झाली. आपल्याकडे अशा मास्कसाठी आयएस ९४७३ हे स्टँडर्ड आहे, तो नंबर पाकिटावर शोधा. कोरियाचे केएफ ९४, म्हणजे त्यांच्याकडचे एन ९५ सारखे मास्क, छोट्या साइजमध्ये मिळतात, ते होडीसारखे घडीचे असतात, ओठांना चिकटत नाहीत, म्हणून मला मुलांसाठी बरे वाटतात. व्हॉल्ववाला मात्र घेऊ नका, आपण सोडलेला श्वास त्यातून तसाच बाहेर जातो, म्हणजे आपल्या पोराला सर्दी असेल तर शेजारच्याला फुकट प्रसाद.

४. कानाचं प्रकरण

मास्क निवडताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. गोल, बारीक, दोरीसारखं इलॅस्टिक सगळ्यात वाईट, ते सरळ कातडीत रुततं. चपटं आणि मऊ असेल तर बरं, आणि लांबी कमीजास्त करायचा मणी असेल तर फारच छान. चष्मा किंवा कानाचं मशीन असेल तर कानावर आणखी एक गोष्ट अडकवूच नका, डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा मास्क घ्या.

आमच्याकडे हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्यांनी कार्टूनवाल्या मास्कचं इलॅस्टिक सरळ उसवलं, जुन्या होजिअरी टी-शर्टच्या आडव्या पट्ट्या कापल्या, बोटाएवढ्या रुंद, आणि एकेक पट्टी दोन्ही हातांनी ताणली. ताणली की ती आपोआप गुंडाळते आणि मऊ गोल दोरी तयार होते. ती सेफ्टी पिनने मास्कच्या बाजूच्या शिवणीतून ओवली, लेकीच्या कानाला लावून गाठ मारली आणि गाठ फिरवून शिवणीच्या आत सरकवली. खर्च शून्य. मापाला आधी वीतभर लांब पट्टी घ्या, मग कापत या, आधीच आखूड कापली तर संपलं.

गळ्यात अडकवायची साखळी किंवा दोरी मला तरी पसंत नाही. घसरगुंडीवर, झोपाळ्यावर अडकली तर गळ्याला फास बसतो. लावायचीच असेल तर ओढलं की सुटणारी घ्या. खेळताना, पळताना तर मास्कच काढून ठेवायचा.

५. नाकाची पट्टी

नाकावर वाकणारी तार हवीच, नाहीतर वरून हवा जाते आणि चष्म्यावर वाफ धरते. पण तारेची टोकं हाताने चाचपून बघा, स्वस्त मास्कमध्ये दोन धुण्यांत तार कापड फाडून बाहेर येते, आणि तीही नेमकी डोळ्याच्या खाली. आमच्या एका मास्कची आली, तो त्याच दिवशी कचऱ्यात गेला.

६. घरी ट्रायल घ्या

एकदम सहा घेऊ नका, एक घ्या. घरात कार्टून बघताना अर्धा तास लावून ठेवा, आणि काढल्यावर तीन ठिकाणी बघा. कानामागे रेघ आली का, नाकावर लाल झालंय का, आणि आतून मास्क किती ओला झालाय. ओला म्हणजे एकतर पोर तो चघळतंय, नाहीतर तो ओठांना फार चिकटतोय. रेघ पाच-दहा मिनिटांत गेली तर चालेल, तासाभराने पण दिसत असेल तर दोरी ढिली करा. 'त्रास होतोय का?' असं मुलांना विचारून काही उपयोग नाही. मास्क नको असेल तर हो म्हणतात, आवडतं कार्टून असेल तर नाही म्हणतात.

रंग, चित्र मात्र त्यांनाच निवडू दे. आमच्याकडे डायनोसॉरचा मास्क आपणहून लावला जातो आणि निळा प्लेन मास्क पाहिला की पोटात दुखतं.

७. धुणं आणि जादा मास्क

कापडी मास्क रोज साबणाने धुवा, गरम पाण्यात धुतला तर उत्तम, आणि कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात वाळत नाहीत तेव्हा इस्त्री फिरवा, दमट मास्क लावला की तोंडाभोवती पुरळ येतं. सुगंधी कंडिशनरमध्ये बुडवू नका, तो वास दिवसभर नाकाशी राहतो. एन ९५ किंवा केएफ ९४ धुवायचे नसतात, धुतले की गाळण्याचं कामच जातं.

दप्तरात दोन मास्क ठेवा, एक तोंडावरचा ओला झाला तर लागतोच, आणि वापरलेल्यासाठी वेगळी कापडी पिशवी. आतल्या बाजूला कडेला लाँड्री मार्करने नाव घाला. आमची एकदा व्हॅनमधून उतरली ती युनिकॉर्नचा मास्क लावून, तिचा डायनोसॉर मैत्रिणीच्या तोंडावर घरी गेला होता, दोघींनी 'एक दिवसासाठी' अदलाबदल केली होती म्हणे.