मोठे टायर, चुकीचा रेशो: क्राउन-पिनियन बदलताना या चुका टाळा

टायर मोठे बसवले की गाडी चढावर दम सोडते, टॉप गिअर धरत नाही आणि दगडांतून निघताना क्लच जळू लागतो. यावर इलाज म्हणजे मोठ्या आकड्याचा डिफरन्शियल रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलपर्यंत जाणारा दांडा) किती फेरे घेतो तो आकडा. तो क्राउन (मोठं दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारं लहान चक्र) या जोडीवर ठरतो, म्हणून ही जोडीच बदलावी लागते. पण हे खर्चाचं काम दुसऱ्यांदा करावं लागतं, ते बहुतेक वेळा हिशोबात चूक झाल्यामुळे.

छापील मापावर विसंबणं

२३५/७५ आर१५ चा व्यास साधारण ७३४ मिमी, २८५/७५ आर१६ चा ८३४ मिमी. गाडीच्या वजनाखाली दोन्ही याहून कमीच भरतात. नेहमीची हवा ठेवून टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलत एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि ते अंतर ३.१४ने भागा. जुना टायरही याच पद्धतीने मोजा. एक मोजलेला आणि एक छापील असं चालणार नाही.

सध्याचा रेशोही गृहीत धरू नका, विशेषतः गाडी वापरलेली घेतली असेल तर. गिअर न्यूट्रलमध्ये टाका, पुढच्या चाकांना उटी लावा, मागची दोन्ही चाकं उचला. साध्या, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग) नसलेल्या डिफरन्शियलमध्ये एक चाक धरून दुसरं बरोबर २ फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्ट पावणेचार फेऱ्यांच्या जवळ फिरला तर रेशो ३.७३.

फक्त मूळचा जोर परत आणणं

जुना रेशो × नवा व्यास ÷ जुना व्यास: ३.७३ × ८३४ ÷ ७३४ = ४.२४. इथे अनेकजण जवळचा म्हणून ४.१० घेतात आणि पस्तावतात. ४.२४ने फक्त व्यासाची भरपाई होते. टायरचं वाढलेलं वजन, विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र), रॅक, हवेचा विरोध यांचा हिशोब त्यात नाही. डोंगर, चिखल, सामान असेल तर ४.५६ घ्या.

पण आधी हायवेवरचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काढा: वेग × ५३०५ × रेशो × टॉप गिअरचा रेशो ÷ व्यास मिमीमध्ये. ताशी १०० किमी आणि टॉप गिअर ०.८ धरला तर मूळ गाडी २१५७वर चालत होती. नव्या टायरवर जुना रेशो ठेवला तर १८९८, ४.१०ला २०८६, ४.५६ला २३२०. तुमच्या इंजिनाचा टॉर्क (ओढण्याचा जोर) किती आरपीएमला सुरू होतो हे पाहून ठरवा. पुढे आणखी मोठे टायर नक्की घेणार असाल, तर हिशोब त्या मापावरच करा.

उगाच ५.३८पर्यंतही जाऊ नका. आकडा वाढतो तशी पिनियन बारीक होते, दाते कमी होतात, आणि लहान एक्सलमध्ये तीच आधी तुटते.

फक्त मागचा एक्सल बदलणं

पुढे ३.७३ आणि मागे ४.५६ असताना फोर बाय फोर लावलं तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारा गिअरचा डबा) आणि शाफ्ट एकमेकांशी झगडतात, काहीतरी तुटतंच. ४.१० आणि ४.११ इतका फरक चालतो.

कॅरिअर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो भाग, हाही तपासा. डाना ४४ या एक्सलमध्ये ३.७३पर्यंतचा कॅरिअर वेगळा, ३.९२पासून पुढचा वेगळा. नवा रेशो ही सीमा ओलांडत असेल तर कॅरिअरही बदला, नाहीतर जाड क्राउन मागवावा लागतो.

फिटिंगमधली घाई

बॅकलॅश, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दात्यांमधली मोकळी फट, डायल गेजने मोजा. साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी, पण शेवटचा शब्द किटच्या कागदाचा. पिनियनची खोली मात्र दात्यांवरचा ठसाच सांगतो. आठ-दहा दात्यांना मार्किंग पेस्ट लावा, क्राउनला लाकडाने थोडा अडसर देऊन दोन्ही दिशांना फिरवा. ठसा दात्याच्या टोकाकडे गेला तर पिनियन बाहेर आहे, बुडाकडे गेला तर जास्त आत आहे. शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदला आणि पुन्हा बघा. चार-पाच वेळा उघडावं लागलं तरी ते वाया जात नाही.

क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना दबून बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी) प्रमाणाबाहेर दाबली गेली तर नट सैल करून भागत नाही, नवीच घालावी लागते.

पहिल्याच दिवशी ट्रेलवर

पहिले २५-३० किमी हळू चालवा, मग डिफरन्शियल पूर्ण गार होऊ द्या. ८०० किमीपर्यंत ट्रेलर ओढू नका, त्यानंतर ऑइल बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा दिसला तर काळजी नको. बोटाला टोचणारा कण लागला, किंवा ॲक्सिलरेटर सोडताच घूं असा आवाज येऊ लागला, तर तिथेच थांबा आणि ठसा पुन्हा घ्या.