जर्मनीत मुलांबरोबर स्वयंसेवेचं वर्ष: सुरुवात कशी करावी

जर्मनीत स्वयंसेवेचं वर्ष काढायचे दोन मुख्य रस्ते आहेत. 27 वर्षांखालच्यांसाठी एफएसजे, म्हणजे स्वेच्छेचं सामाजिक वर्ष, आणि दुसरा बीएफडी, म्हणजे केंद्र सरकारची स्वयंसेवा योजना. सक्तीची लष्करी सेवा थांबली तेव्हा, 2011 मध्ये, बीएफडी सुरू झाला आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. मी एका होर्टमध्ये वर्ष काढलं. प्राथमिक शाळा सुटल्यावर मुलं जेवायला, गृहपाठ करायला आणि खेळायला येतात ती जागा म्हणजे होर्ट. परत आल्यापासून दरवर्षी निघणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेते आहे.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही. संस्थेशी करार, जर्मन भाषेचं प्रमाणपत्र, राष्ट्रीय (म्हणजे लांब मुक्कामाचा) व्हिसा, पोलिसांचा दाखला. जागा मिळवून देतो म्हणून लाखात पैसे मागणाऱ्या एजंटच्या दारात उभंही राहू नका. संस्थांना थेट अर्ज करता येतो.

एक गोष्ट मात्र इथेच उरका. 2020 पासूनच्या कायद्याप्रमाणे, 1970 नंतर जन्मलेल्या माणसाला शाळेत किंवा होर्टमध्ये काम करायचं तर गोवराच्या लसीचे दोन डोस किंवा प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा लागतो. लहानपणचं लसीकरणाचं कार्ड हरवलं असेल तर आईला माळ्यावरच्या ट्रंका उपसायला लावण्यापेक्षा डॉक्टरांकडे जाऊन रक्ततपासणी करा किंवा लस पुन्हा घ्या.

तिकडे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो पहिल्याच दिवशी मागून घ्या.

पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलांची नावं पाठ करा, ऊनो हा पत्त्यांचा खेळ शिका आणि टेबलावरच्या फुटबॉलमध्ये हरा. ‘पहिल्याच आठवड्यात मेंदी काढा, नाच शिकवा, मुलं लगेच जवळ येतात’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. मुलांना तुमचा कार्यक्रम नको असतो. रोज त्याच वेळी, त्याच टेबलाशी बसणारं माणूस त्यांना हवं असतं. मेंदी दिवाळीत काढा.

खरी अवघड गोष्ट आहे मुलांशी जवळीक किती ठेवायची ही. आपल्याकडे लहान मूल दिसलं की गाल ओढतात, उचलून कडेवर घेतात, आपल्या हाताने घास भरवतात. तिथे हे करायचं नाही. रडणारं मूल स्वतःहून बिलगलं तर जवळ घ्या, पण तुम्ही त्याला ओढून मांडीवर बसवू नका. मूल ‘श्टॉप’ म्हणालं की हात मागे. ते हसत म्हणालं तरीही. न विचारता खाऊ देऊ नका. लाडवातला काजू एखाद्याला सोसणार नाही, आणि तिथल्या बऱ्याच जेली गोळ्यांत डुकराचं जिलेटीन असतं, म्हणून मुस्लिम घरातली पुष्कळ मुलं त्या खात नाहीत. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढू नका, घरच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

यापेक्षाही अवघड प्रसंग माझ्यावर तिसऱ्या महिन्यात आला. आठ वर्षांची एक मुलगी माझ्याशेजारी गणितं सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, ‘संध्याकाळी घरी जायची भीती वाटते. कोणाला सांगू नकोस.’ मी ‘नाही सांगणार’ म्हणाले. तिने मला निवडलं याचं मला बरंही वाटलं. चार दिवस मी ते मनात ठेवलं, आणि त्या चार संध्याकाळी ती रोज घरी गेली. पाचव्या दिवशी मी माझ्या मार्गदर्शक बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ती नेमकं काय म्हणाली, कोणत्या शब्दांत? तोपर्यंत तिचे शब्द आणि माझे तर्क एकमेकांत मिसळून गेले होते. मला सांगता येईना. पुढे दोन आठवडे ती मुलगी माझ्याशी बोलली नाही, कारण मी शब्द मोडला होता.

म्हणून हे वाक्य निघण्याआधी तोंडपाठ करा: ‘दास कान इश दिअर निष्ट फरश्प्रेखन’, म्हणजे ‘असं वचन मी तुला देऊ शकत नाही’. त्यापुढे जमेल तशा जर्मनमध्ये सांगा की तू मला सांगितलंस हे छान केलंस, आणि तुला मदत करू शकेल अशाच माणसाशी मी बोलेन. मग ऐका. ‘बाबा मारतात का?’ असे प्रश्न विचारू नका. उत्तर तुम्हीच तिच्या तोंडी घालाल. त्याच दिवशी वेळ आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच भाषेत लिहून ठेवा. तुमचा अंदाज लिहायचाच असेल तर वेगळ्या कागदावर. घरी जाण्याआधी मार्गदर्शकांना सांगा. पालकांना फोन करू नका, खोलीतल्या मैत्रिणीला सांगू नका. पुढचं काम कायद्याने तिथल्या प्रशिक्षित लोकांचं आहे, आणि ते कसं करायचं याची त्यांची ठरलेली पद्धत असते.

‘मुलांचा विश्वास जिंकायचा तर त्यांची गुपितं जपा’ असं सांगणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका. पळवलेल्या खोडरबराचं गुपित खुशाल जपा.

27 वर्षांखालच्यांना वर्षभरात 25 दिवस प्रशिक्षणाचे असतात, ते बुडवू नका. असे प्रसंग मोकळेपणी बोलायची जागा तीच.

पहिला महिना संपला की मार्गदर्शकांकडे अर्धा तास मागा आणि तीन गोष्टी विचारा: कोणत्या मुलापाशी मी कमी बसते, कुठे मी गरज नसताना मदत करते, आणि मी नसताना मुलं माझ्याबद्दल काय विचारतात. उत्तरं वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या उत्तरातल्या मुलाच्या टेबलाशी जाऊन बसा.