आरव्हीमधला गॅस पेटत नाहीये? आधी शेगडी लावून बघा

आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, गिझर पेटत नाही किंवा हीटर नुसता टकटक करून बंद पडतो, असं झालं की लोक थेट सर्किट बोर्ड बदलायला निघतात. थांबा जरा. आधी वास घ्या, तोही खाली वाकून, कारण सिलिंडरमधला गॅस, म्हणजे प्रोपेन, हवेपेक्षा जड असतो आणि फरशीलगत साचतो. वास आला तर काही पेटवू नका, लाइटचा स्विचसुद्धा दाबू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि सिलिंडर बाहेरून बंद करा.

वास नाही ना? मग शेगडी लायटरने पेटवा. तिला बॅटरी लागत नाही, म्हणून गॅस येतोय की नाही ते तीच खरं सांगते. ज्योत मरतुकडी असेल तर सिलिंडर संपत आलाय, किंवा तुम्ही व्हॉल्व्ह झटक्यात उघडलात आणि आतला सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलाय (हे फार वेळा होतं!). सगळे नॉब बंद, सिलिंडर बंद, दोन-चार मिनिटं थांबा, मग अगदी हळूहळू उघडा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर पाइपात हवा असते, तीही शेगडीवाटेच काढायची.

शेगडी छान निळी पेटली तर आता बॅटरी. मल्टिमीटर लावा पण हीटरचा फॅन चालू असताना, नाहीतर आकडा फसवतो. 11 व्होल्टच्या खाली गेलं की फॅन फिरताना दिसतो पण हवेचा जोर कमी पडतो, आतला हवेवर चालणारा स्विच लागत नाही आणि बोर्ड गॅस सोडतच नाही.

व्होल्टेज ठीक असेल तर गॅस बंद करून, थंड झाल्यावर बर्नर उघडा. माझ्या गिझरच्या नळीत टॉर्च मारला तर आत कोळ्याचं पांढरं जाळं, कापसाच्या बोळ्यासारखं, एवढ्याशाने दोन दिवस गार पाण्याने अंघोळ. नळी ब्रशने साफ करा, पण जेटच्या (गॅस बाहेर सोडणाऱ्या बारीक तोंडाच्या) भोकात तार किंवा टाचणी अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत बिघडते. ठिणगी पडायची फट साधारण 3 मिमी हवी. पायलटवालं (सतत जळणारी छोटी ज्योत असलेलं) मॉडेल असेल आणि नॉब सोडला की विझत असेल तर थर्मोकपलचं (ज्योतीची उष्णता ओळखून गॅस चालू ठेवणाऱ्या दांडीचं) टोक ज्योतीत नीट बुडतंय का बघा.

जो जॉइंट उघडला त्याला शेवटी साबणाचं पाणी लावा, फुगे आले तर पेटवायचं नाही. रेग्युलेटरच्या प्रेशरला मात्र हात लावू नका, ते मीटर लावून मेकॅनिकलाच बघू द्या.