बँकॉकची मंदिरं कमी वेळात पाहताय? या चुका टाळा

बँकॉक-पट्टायाच्या पॅकेजमध्ये ‘टेंपल टूर’ किंवा ‘हाफ डे सिटी टूर’ अशी एक ओळ असते. ती वाचून डोळ्यांसमोर येतात चकाकणारी शिखरं, हिरव्या-नारिंगी कौलांची छपरं आणि दारावर उभे रंगीत राक्षस. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच टूर्सची बस दोनच मंदिरांपाशी थांबते, वाट त्रायमित आणि वाट बेन्चामाबोफित (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर). तिथून थेट हिऱ्या-माणकांच्या शोरूममध्ये. घरी परतल्यावर कुणी विचारतं, ‘राजवाडा पाहिलात ना?’ तेव्हा कळतं की तो राहिलाच.

ही दोन मंदिरं कमअस्सल आहेत असं नाही. वाट त्रायमितची सोन्याची मूर्ती साधारण साडेपाच टनांची आहे. तिच्यावर चुन्याचा लेप होता. 1955 मध्ये हलवताना तो तडकला आणि आतलं सोनं दिसलं. बेन्चामाबोफितचं बांधकाम राजा पाचवा राम याच्या काळात इटलीहून आणलेल्या कारारा संगमरवरात झालं. गाइड ‘मार्बल बुद्धा’ म्हणून ओरडत असतो, पण संगमरवर देवळाचा. आतली मूर्ती धातूची आहे. दोन्ही बघा. पण बुकिंगआधी टूरवाल्याला स्पष्ट विचारा की ग्रँड पॅलेस, वाट फो आणि वाट अरुण यांतलं नेमकं काय दाखवणार, की नुसतं बसमधून बोट दाखवणार? उत्तर गुळमुळीत आलं तर ती सकाळ पॅकेजमधून सोडून द्या आणि स्वतः जा. 2019 पासून सनाम चाई हे मेट्रो स्टेशन वाट फोपासून चालण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे टॅक्सीवाल्याच्या मेहेरबानीवर राहायचं कारण उरलेलं नाही.

तिन्ही मंदिरं एका दुपारी

नकाशात तिन्ही ठिकाणं चिकटून दिसतात, म्हणून लोक जेवून निवांत निघतात. ग्रँड पॅलेसची तिकीटविक्री सकाळी साडेआठला सुरू होते आणि दुपारी साडेतीनला बंद. आवारात सावली कमी, फरशी तापलेली आणि गर्दी अशी की दादर स्टेशनची आठवण यावी. एप्रिल-मेच्या सुट्टीत गेलात तर विचारूच नका.

परदेशी पाहुण्यांना पॅलेसचं तिकीट 500 बाथ पडतं. चौघांच्या कुटुंबाला ही रक्कम टोचते आणि मग ‘पैसे वसूल’ करायच्या नादात लहान मुलांना उन्हात फरफटवलं जातं. माझं मत विचाराल तर हातात अर्धाच दिवस असेल आणि सोबत लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाली आजी असेल, तर पॅलेस सोडा. वाट फो आणि नदीपलीकडचं वाट अरुण मिळून अर्धा दिवस छान भरतो. पॅलेस पाहायचाच असेल तर सकाळी दार उघडताना तिथे हजर राहा आणि तो संपेपर्यंत दुसरं काही ठरवू नका.

‘आज बंद आहे’

पॅलेसच्या भिंतीलगत चालताना नीटनेटक्या कपड्यातला एक माणूस हसून विचारेल, कुठून आलात? इंडिया म्हटलं की आणखी हसेल. मग सांगेल की आज राजघराण्याची पूजा आहे, दुपारपर्यंत बंद. पण काळजी नको, हा टुकटुकवाला वीस बाथमध्ये चार मंदिरं फिरवेल. त्या फेरीत एखादं मंदिर असतंच, आणि मग शिंप्याचं दुकान, मग रत्नांचं. त्या दुकानांकडून टुकटुकवाल्याला कमिशन मिळतं, म्हणून भाडं वीस बाथ.

यावर उपाय एकच. त्या माणसाशी वाद घालू नका, सरळ मुख्य दारापर्यंत चालत जा आणि फलक वाचा. राजसमारंभासाठी काही भाग खरोखर बंद राहतो, पण ती माहिती पॅलेसच्या अधिकृत संकेतस्थळावर आधीच असते. टुकटुकमध्ये बसून झालं असेल आणि दुकानापाशी उतरवलं असेल तर आत न जाता रस्त्यावर या आणि अॅपवरून गाडी बोलवा. रागावण्यात वेळ घालवू नका.

कपडे

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पॅलेसमध्ये फाटकी जीन्स, घट्ट लेगिंग आणि बिनबाह्यांचा टॉपही अडवतात, आणि खांद्यावरून ओढणी घेतली म्हणून ऐकत नाहीत. आपला साधा पंजाबी ड्रेस किंवा सुती कुर्ता-पायजमा तिथे सगळ्यात सोयीचा. मुलगा हाफ पँटवर आला असेल तर समोरच्या रस्त्यावर हत्तीच्या नक्षीची ढगळ पँट मिळते. ती तेवढ्यापुरती चालते, शिवण मात्र धुण्यात उसवते. पायमोजे जवळ ठेवा. गाभाऱ्याच्या दालनांत बूट बाहेर काढावे लागतात आणि उन्हातली फरशी पाय भाजते.

पाचू-बुद्ध पाहून लगेच बाहेर

याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. वाट फ्रा केओ हे राजवाड्याच्या आवारातलं मंदिर. तिथली मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटरची, उंच सिंहासनावर बसवलेली, आणि ती पाचूची नसून हिरव्या जातीच्या दगडाची. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिचे तीन पोशाख असतात आणि राजा ते बदलतो. आत फोटो काढू देत नाहीत. लोक दोन मिनिटं माना उंचावतात आणि ‘एवढीशीच?’ म्हणत निघतात.

खरा खजिना बाहेरच्या ओवरीत आहे. आवाराला वेढणाऱ्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, 178 चित्रांत रंगवलेलं आहे. उत्तरेच्या बाजूने सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेने चालायचं. गोष्ट ओळखीची वाटता वाटता फसवते. इथली सीता ही तोत्सकानची, म्हणजे रावणाचीच टाकून दिलेली मुलगी. हनुमान पांढराशुभ्र आणि ब्रह्मचारी तर मुळीच नाही. सेतू बांधताना दगड पळवणारी सुवर्णमच्छा ही जलकन्याही तोत्सकानचीच मुलगी, आणि हनुमान तिच्याच प्रेमात पडतो. परदेशी पाहुण्यांना ही चित्रं समजायला पुस्तक लागतं. आपल्याला आजीच्या गोष्टींमुळे निम्मी आधीच माहीत असतात, आणि आपणच ती न पाहता बस गाठतो! रावणाला तिथे हिरव्या तोंडावरून ओळखा. वाट अरुणच्या एका दारावरही तो राखणदार म्हणून उभा आहे.

पाय, पाठ आणि सेल्फी

बुद्धमूर्तीकडे तळवे करून बसणं तिथे अपमान समजला जातो. मांडी जमत नसेल तर पाय एका बाजूला दुमडून बसा. मूर्तीच्या मांडीवर हात टाकून, चौथऱ्यावर चढून फोटो नको. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नसतो, वस्तूही थेट हातात द्यायची नसते. वाट फोचा निद्रिस्त बुद्ध 46 मीटर लांबीचा आहे. डोक्याकडच्या टोकाला सगळे फोटोसाठी अडकतात. तुम्ही पुढे होऊन तळव्यांपाशी जा, तिथे शिंपल्यात 108 शुभचिन्हं जडवलेली आहेत.

वाट अरुणची वेळ

हे मंदिर नदीच्या पश्चिम काठावर आहे. म्हणून सकाळचं ऊन त्याच्या नदीकडच्या अंगावर पडतं आणि चिनीमातीच्या तुकड्यांची फुलं नीट दिसतात. सूर्यास्त हवा असेल तर मंदिरात बसू नका, अलीकडच्या ता तियेन धक्क्याच्या बाजूला थांबा. नदी ओलांडायला तिथून साधी फेरीबोट काही बाथमध्ये मिळते. धक्क्यावर कुणी खासगी लांबशेपटी बोट गळ्यात मारायला लागला तर त्याला टाळून फेरीच्या रांगेत उभे राहा.

पौर्णिमा न पाहता तारखा ठरवणं

माघ, वैशाख आणि आषाढ पौर्णिमा हे तिथले मोठे सण. आपलं कॅलेंडर बघून जाऊ नका, कारण त्यांचा अधिक महिना वेगळ्या वेळी येतो. 2023 मध्ये आपली बुद्धपौर्णिमा 5 मेला होती, थायलंडची 3 जूनला. फक्त फोटो हवे असतील तर या दिवशी गर्दीचा त्रास होईल आणि दारूविक्रीवर बंधनं असतात. वंदनेसाठी जात असाल तर मात्र मुद्दाम हेच दिवस गाठा. संध्याकाळी मेणबत्ती, उदबत्ती आणि कमळ घेऊन लोक तीन प्रदक्षिणा घालतात. ‘नमो तस्स भगवतो’ थाई हेलात ऐकू येतं आणि विहारात रोज म्हणणाऱ्याला ते लगेच ओळखता येतं.

जाता जाता खरेदीबद्दल. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यातलं लहान ताईत चालतं, दिवाणखान्यासाठी घेतलेली मोठी मूर्ती विमानतळावर अडकू शकते. दुकानदार ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला तर परवान्याचा कागद मागा, आणि कागद मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.